रंकाळ्याची फेरी: पायांना पास, चाकांना नापास

निकाल आधीच सांगून मोकळं होऊ. चालायला रंकाळा तळ्यासारखी जागा कोल्हापुरात दुसरी नाही. सायकल मात्र रंकाळ्याच्या पदपथावर घालू नये. त्यासाठी शिवाजी विद्यापीठाचा परिसर आहे, आणि तिथला चढ झेपत नसेल तर पहाटेचे मोकळे रस्ते आहेत. बाहेरून येणाऱ्या पाव्हण्यांना रंकाळा म्हणजे संध्याकाळची चौपाटी, भेळ आणि शालिनी पॅलेस मागे धरून काढलेला फोटो. इथं त्या रंकाळ्याचा विचार नाही. पायाखाली काय आहे, ऊन कुठून येतं, चाकाला काय होतं आणि पावसात काय बिघडतं, एवढंच बघायचंय.

आधी चालण्याचं. तळ्याची पूर्ण फेरी साधारण चार ते साडेचार किलोमीटरची भरते. माणसागणिक आकडा बदलतो, कारण कोण पाण्याच्या कठड्याला चिकटून जातो, कोण पद्माराजे उद्यानाच्या बाजूला वळसा घालतो, आणि काही पट्ट्यांत पदपथ सोडून रस्त्याच्या कडेनं जावं लागतं. किलोमीटरला १२ मिनिटं या चालीनं फेरीला ५० मिनिटांच्या आसपास लागतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यात तीन फेऱ्या झाल्या की हिशेब पुरा. पण चाल खरोखर १२ मिनिटांची हवी. चालता चालता बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, ही ती चाल. चौघांनी हातात हात घालून गल्लीतलं राजकारण सोडवत मारलेली फेरी सव्वा तासाची होते. ती गप्पांसाठी उत्तम, हृदयासाठी निम्मी धरावी.

फेरी कुठून सुरू करावी याला उन्हाळ्यात महत्त्व आहे. सकाळी शहराच्या बाजूनं, म्हणजे चौपाटीकडून सुरुवात करावी. सूर्य शहराच्या मागून वर येतो, त्यामुळे या काठावर इमारती आणि झाडांची सावली बराच वेळ टिकते. पलीकडच्या काठाला सावली तुटक, आणि तिथं सकाळचं ऊन पाण्यावरून थेट तोंडावर येतं. पाण्यावरून उसळणारी तिरीप टोपीखालून डोळ्यांत शिरते, तिथं टोपीचा उपयोग नाही, गॉगलच लागतो. चौपाटीकडून निघालं की हा उघडा पट्टा फेरीच्या मध्यावर, सूर्य अजून खाली असताना संपतो आणि शेवटचा भाग सावलीत येतो. उलट पलीकडून सुरू केलं तर दमल्यावर नेमका तोच पट्टा पुन्हा वाट्याला येतो. संध्याकाळी सगळं उलटं होतं. मावळतीचं ऊन चौपाटीच्या तोंडावर सरळ येतं, दिवसभर तापलेला दगडी कठडा वाफ टाकत असतो. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सहाच्या आत तिथं चालायला जाण्यात काही अर्थ नाही.

वेळेचं गणित असं. मेच्या मध्याला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, डिसेंबर-जानेवारीत सातच्या आसपास. मे महिन्यात साडेपाचला पाय बाहेर पडला तर साडेसहाला फेरी पुरी होते आणि खरं ऊन लागतच नाही. साडेसातनंतर निघालात तर शेवटची वीस मिनिटं ताप होतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, रात्री बऱ्यापैकी थंड होतात आणि म्हणूनच पहाट इतकी चांगली मिळते. दुपारचा विचारही नको. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर येतो, सावली पायाखाली गोळा होते. त्या दिवसांत हवा ३७-३८ अंशांवर असली तरी उघड्यावरचं काळं डांबर ५५-६० अंशांपर्यंत जातं. फिक्या रंगाचे सिमेंटचे ब्लॉक त्यापेक्षा कमी तापतात, पण संध्याकाळी उशिरापर्यंत उष्णता धरून ठेवतात. पट्ट्याला बांधलेलं कुत्रं घेऊन येणाऱ्यांनी हाताची पालथी बाजू सात सेकंद जमिनीवर टेकवून बघावी. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही.

आता पायाखालची जमीन. पदपथावर घालतात ते एकमेकांत अडकणारे सिमेंटचे ब्लॉक. नुसतं चालण्यासाठी ६० मिलिमीटर जाडीचे पुरतात, जिथं गाडी चढणार तिथं ८० मिलिमीटरचे लागतात. खाली दाबलेला थर, त्यावर दोन-तीन बोटं वाळू, वर ब्लॉक आणि सांध्यात बारीक वाळू. या सगळ्याची ताकद त्या सांध्यातल्या वाळूत असते. पावसाळ्यात ती वाहून जाते, मुंग्या ती वर काढतात, आणि एकदा सांधा रिकामा झाला की ब्लॉक हलायला लागतो. शेजारचा ब्लॉक दोन मिलिमीटर खचला तर कळत नाही. सात-आठ मिलिमीटर खचला की चपलेचं टोक अडकतं. झाडाच्या बुंध्याजवळ उलटं होतं, मुळं ब्लॉक वर उचलतात. अंधारात ठेच लागते ती बहुतेक याच दोन ठिकाणी: झाडाजवळ आणि चेंबरच्या झाकणाभोवती.

हलणारा ब्लॉक कोरड्या दिवसात आवाजानं कळतो. पाय पडला की टक्क वाजतं. पावसात तो आवाज करत नाही, पिचकारी मारतो. खाली साठलेलं गढूळ पाणी सांध्यातून उसळतं आणि पँटच्या आतल्या बाजूनं थेट गुडघ्यापर्यंत जातं. पुढं चालणाऱ्याच्या पोटरीवर ताजा चिखलाचा फराटा दिसला, तर तो जिथून गेला ती जागा टाळावी.

ब्लॉक हा गुडघ्याला मातीपेक्षा कडक पडतो. रोज फेरी मारणाऱ्यानं मऊ तळाचे बूट घ्यावेत आणि त्यांचं वयही बघावं. धावण्याच्या बुटाचा फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये बसतो. आठवड्याला पाच फेऱ्या म्हणजे २०-२२ किलोमीटर, म्हणजे सहा ते नऊ महिने. वरून बूट नवा दिसतो, आतून मेलेला असतो. बूट पालथा करून टाचेची बाहेरची कड बघा: रबर गुळगुळीत होऊन आतला पांढरा फोम दिसत असेल तर संपला. उन्हाळ्यात पाय सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घ्यायला जावं आणि पुढे अंगठाभर जागा सोडावी. सुती मोजे घामानं भिजून टाचेला फोड आणतात. पातळ सिंथेटिक मोजे बरे. आणि कोल्हापुरी चप्पल घालून फेरी मारणारे दिसतात, त्यांना दंडवत. चप्पल लाईनीतली नवी कोरी जोडी घालून चार किलोमीटर ब्लॉकवरून चालणं म्हणजे अंगठ्याशी वैर घेणं.

जिथं पदपथ संपून रस्त्याची कड धरावी लागते, तिथं उजव्या बाजूनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालावं. पदपथावर मात्र डावी बाजू धरावी आणि दोघांपेक्षा जास्त जणांनी शेजारी-शेजारी चालू नये. ही सूचना रोज सकाळी मोडली जाते आणि सायकलचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

पदपथावर सायकल का नको, ते नीट बघू. फिरायला म्हणून चालवली तरी सायकल तासाला १५ किलोमीटरनं जाते, चालणाऱ्याच्या तिप्पट. या वेगात सेकंदाला चार मीटरच्या वर अंतर कापलं जातं. समोर पोर आलं, ते डोक्यात शिरून बोटं ब्रेकवर येईपर्यंत एक सेकंद जातो, मग थांबायला आणखी दोन-तीन मीटर. म्हणजे सहा-सात मीटर मोकळी वाट हवी. रंकाळ्यावर सकाळी साडेसहाला सलग सहा मीटर मोकळी वाट शोधून दाखवा. घंटी वाजवली की मंडळी दोन्ही बाजूंना पांगतात, अर्धी डावीकडे अर्धी उजवीकडे, आणि मधला एक जण मागं वळून बघत तिथंच उभा राहतो. यात कुणाची चूक म्हणायची? वाट चालणाऱ्यांची आहे.

दुसरं कारण जमिनीचं. ब्लॉकच्या कडा तासलेल्या असतात, त्यामुळे चाक सतत थरथरतं. तळहात बधिर होतात, ३५ मिलिमीटरपेक्षा बारीक टायर असेल तर जास्तच. त्याहून वाईट म्हणजे खचलेली कड. एक सेंटिमीटरची कड सरळ समोरून आली तर चाक तिच्यावर चढतं. तीच कड लांबीनं, तिरकी आली की पुढचं चाक तिला घासत बाजूला सरकतं आणि सायकल क्षणात आडवी होते. जाळ्यांचंही तेच: गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेनं असतील तर बारीक टायर आत जातो. कड, जाळी, रस्त्यातली भेग, सगळं शक्यतो काटकोनात ओलांडायचं.

तळ्याभोवतीचा बाहेरचा रस्ता सायकलला चालेल का? पहाटे सहाच्या आत चालेल. त्यानंतर एका अंगानं गगनबावड्याकडची आणि दुसऱ्या अंगानं राधानगरीकडची वाहतूक सुरू होते. एसटी, वडाप म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाड्या, दुधाच्या गाड्या, आणि हंगामात उसाचे ट्रॅक्टर. गळीत हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्या काळात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात मागं दिवा नसताना उभा असू शकतो, आणि पुढं जाणाऱ्या ट्रॉलीतून ऊस लोंबत असतो. त्याच्या मागं चिकटून जाऊ नये, ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवावं. रस्त्यावर सांडलेलं पाचट कोरडं असताना नुसतं दिसायला वाईट, दवानं ओलं झालं की त्यावर ब्रेक मारायचा नाही. वळणावर तर नाहीच.

म्हणून सायकलवाल्यांनी विद्यापीठ धरावं. १८ नोव्हेंबर १९६२ ला स्थापन झालेलं शिवाजी विद्यापीठ सागरमाळावर साडेआठशे एकरांच्या आसपास पसरलंय. सायबर चौकाकडून वर येताना चढ लागतो आणि आतले रस्ते डांबरी, झाडीचे, सकाळी मोकळे. ही शिक्षणसंस्था आहे, बाग नाही, हे लक्षात ठेवून जावं. प्रवेशाच्या वेळा आणि नियम गेटवर सांगतील ते पाळायचे, परीक्षा किंवा पदवीदान असेल तर त्या दिवशी दुसरीकडे जायचं. कामाच्या दिवशी नऊनंतर आत दुचाक्यांची रीघ लागते, त्याआधी आटपावं. मोर आहेत. मोर रस्ता ओलांडताना दिसला तर त्याच्या मागून जावं, पुढून नाही.

इथला चढ नवख्या माणसाला पहिल्या आठवड्यात हैराण करतो. साधी बिनगिअरची सायकल पुढं ४४ दात आणि मागं १८ दात अशी असते. एका पॅडलमध्ये ती जवळजवळ साडेपाच मीटर पुढं जाते, चढावर हे फार जड. सात गिअरच्या सायकलवर मागचं सर्वांत मोठं चक्र २८ दातांचं असतं. तो गिअर चढ सुरू होण्याआधी टाकावा. चढाच्या मध्यावर, जोर लावत असताना गिअर बदलला की साखळी कुरकुरते, उडते आणि शेवटी मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, वाकतो. दुकानात 'सायकलच खराब आहे' म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारी इथल्याच असतात. उतारावर मागचा ब्रेक आधी, पुढचा हळू, आणि गतिरोधक आला की बूड सीटवरून उचलून गुडघे सैल सोडायचे. हँडल घट्ट धरून बसून उडी घेतली तर मागच्या टायरला साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात: ट्यूब रिम आणि गतिरोधकाच्या मधे चेपली जाते. कारण एकच, हवा कमी.

हवेचं बोलू, कारण उन्हाळ्यात सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहेत. ७० किलोच्या माणसाला ३५ मिलिमीटर टायरमध्ये मागं ५५ आणि पुढं ४५ ते ५० पौंड हवा पुरते. उन्हात टायर फुटतो म्हणून लोक तीस-पस्तीसवर ठेवतात, आणि मग वर सांगितलेली दोन भोकं पाडून घेतात. खरा हिशेब असा की २५ अंशांना ५० पौंड भरलेला टायर ५५ अंशांपर्यंत तापला तर आतला दाब ५६-५७ होतो. टायरच्या बाजूला कमाल दाब छापलेला असतो, बहुतेक वेळा ७० किंवा त्याहून जास्त. त्याच्या आत आहात तर काही फुटत नाही. फुटतो तो जुना, कडेला भेगा पडलेला टायर, किंवा रिमच्या आतली पट्टी (रिम टेप) सरकून तारेच्या टोकावर घासलेली ट्यूब.

साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक नळी असते, दुकानात तिला वॉलट्यूब म्हणतात. उन्हात ती कडक होते, चिरते आणि हवा हळूहळू जाते. पंक्चर शोधत बसण्याआधी व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघा. वॉलट्यूब बदलायला दोन मिनिटं आणि किरकोळ पैसे लागतात. उन्हाळ्याच्या तोंडावर ती न विचारता बदलून टाकावी. गिअरच्या सायकलींना कधी मोटरसायकलसारखा, कधी बारीक पितळी टोकाचा व्हॉल्व्ह असतो. दुसऱ्या प्रकाराला गल्लीतल्या दुकानातला पंप बसत नाही, त्याचं छोटं अडॅप्टर पाकिटात ठेवावं. पंक्चर स्वतः काढत असाल तर घासून, सोल्युशन लावून चार-पाच मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की मग पॅच. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच हिवाळ्यात टिकतो आणि एप्रिलच्या उन्हात उचलतो. बाभळीचा काटा निघाल्यावर टायरच्या आतून बोट सावकाश फिरवावं, टोक मोडून आत राहिलेलं असतं.

साखळीला उन्हाळ्यात तेल कमी, पावसाळ्यात जास्त. इंजिन ऑइल धूळ पकडून काळी पेस्ट बनवतं आणि तीच साखळी खाते. शिलाई मशीनचं तेल पातळ, दोन दिवसांत उडून जातं. सायकलीचं कोरड्या हवेचं तेल मिळतं, ते साखळी पुसून प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब टाकावं, पॅडल उलटं फिरवावं, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसावं. तेल आत हवं, बाहेर लागलेलं तेल म्हणजे धुळीला आमंत्रण.

पाण्याचं प्रमाण माणसागणिक बदलतं, पण ते मोजता येतं. निघण्याआधी आणि आल्यावर, घाम पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. अर्धा किलो कमी झालं म्हणजे वाटेत प्यायल्यापेक्षा अर्धा लिटर जास्त घाम गेला. पहाटेच्या फेरीला अर्ध्या लिटरची बाटली पुरे, तीही पूर्ण संपत नाही. आठनंतरच्या उन्हात सायकल असेल तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरावं, दर १५ मिनिटांनी चार घोट. एकदम लोटाभर प्यायल्यानं पोट हिंदकळतं, दुसरं काही होत नाही. तासाभराच्या आतल्या व्यायामाला साधं पाणीच. त्यापुढं मीठ-साखर लागते: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. विकतच्या ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटरलाच घालायची. ग्लासभर पाण्यात सगळी पुडी ओतणारे आहेत, ते उलट जास्त तहानतात. रक्तदाब किंवा साखर असलेल्यांनी हे रोजचं करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. उसाचा रस, ताक, कोकम सरबत हे आल्यावर, आनंदासाठी.

मार्चअखेर एकदम ऊन वाढतं तेव्हा शरीराला सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात वेग आणि वेळ दोन्ही कमी ठेवावं. उन्हात अंगावर काटा येणं, थंडी वाजणं, मळमळ, डोकं ठणकणं, ही थांबण्याची खूण आहे, 'एवढी फेरी पुरी करतो' म्हणण्याची नव्हे. कुणी असंबद्ध बोलायला लागला किंवा पडला तर १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन बूट-शर्ट सैल, मान-काखा-जांघेत ओलं फडकं, अंगभर पाणी आणि वारा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. रंकाळ्यावर मदतीला माणसं भरपूर जमतात, त्यातल्या चौघांना वारा घालायला लावावं आणि बाकीच्यांना मागं सारावं.

एप्रिल-मेच्या दुपारनंतर वळीव येतो. आभाळ काळं झालं, वारा सुटला की काठ सोडायचा. तळ्याच्या उघड्या काठावर आणि एकट्या झाडाखाली विजेचा धोका सारखाच. वळवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाट पानं-फांद्यांनी भरलेली असते आणि हवा दमट. थर्मामीटरवर पारा कमी दिसतो तरी घाम वाळत नाही, त्यामुळे त्या दिवशी जास्त दमायला होतं. ते स्वाभाविक आहे.

जून लागला की खरी परीक्षा शेवाळाची. सावलीचा भाग, जो मेमध्ये सगळ्यांना हवा असतो, तोच जुलैमध्ये निसरडा होतो. ब्लॉकवर हिरवट काळा तुकतुकीत थर दिसला की पावलं छोटी, पूर्ण तळवा टेकवून, आणि घाटाच्या दगडी पायऱ्यांवर उतरायचंच नाही. सायकलला रिम ब्रेक असतील तर ओल्या रिमवर पहिलं चाकभर अंतर ब्रेक लागतच नाही. आधी हलका दाबून पाणी पुसून घ्यायचं, मग जोर. पावसातून आल्यावर ब्रेकचे रबर काढून त्यात रुतलेली खडी सुईनं टोकरावी, नाहीतर रिम खरवडते. पंचगंगेकडच्या रस्त्यांचा बेत करणाऱ्यांनी नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघून निघावं: ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ ला पन्हाळ्याकडची वाट केर्लीजवळ पाण्याखाली गेली होती. पूर ओसरल्यावर रस्त्यावर राहणारा गाळाचा थर पहिल्या उन्हात वरून वाळतो, आतून लोण्यासारखा असतो. तो पूर्ण वाळून धूळ होईपर्यंत दोन चाकं तिकडं नेऊ नयेत.

तळ्याच्या वासाबद्दल खोटं बोलण्यात अर्थ नाही. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरतं, केंदाळ (जलपर्णी) वाढलेलं असेल तर काही कोपऱ्यांत वास येतो. तोंडानं श्वास घेत पळणाऱ्यांना तो जास्त जाणवतो. संध्याकाळी दिवे लागणीला चिलटांचे ढग उठतात. साध्या काचेचा चष्मा असला तर फेरी सुखाची होते, काळा गॉगल त्या वेळी आंधळा करतो. रविवारी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी चौपाटीचा पट्टा चालण्यासाठी नाहीच असं धरून चालावं. गणपतीत विसर्जनाच्या दिवशी तळ्याशेजारच्या इराणी खणीकडची बाजू माणसांनी भरलेली असते, त्या दिवसांत घराच्या गल्लीत चाललेलं बरं.

अंधारात निघणाऱ्यांना दिवा हवाच. चालणाऱ्यानं फिका शर्ट घातला तरी काम होतं. सायकलला मागं लाल लुकलुकणारा, पुढं २००-३०० ल्युमेनचा पांढरा, आणि त्याचा झोत खाली, चाकापुढं सात-आठ मीटरवर पडेल असा. सरळ समोर धरलेला दिवा समोरच्याला काहीच दिसू देत नाही आणि तो नेमका तुमच्याच अंगावर येतो.

पहाटेची शेवटची गोष्ट म्हणजे कुत्री. टोळी असते, आणि पळणाऱ्या पायापेक्षा फिरणाऱ्या चाकामागं ती जास्त लागतात. पॅडल जोरात मारून सुटायला बघू नये. थांबायचं, उतरायचं, सायकल मधे धरायची आणि आवाज न चढवता सावकाश पुढं चालायचं. हद्द संपली की ती आपोआप मागं फिरतात. चावलंच तर जखम नळाखाली साबणानं पूर्ण १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी लस. सीपीआर हे सरकारी रुग्णालय दसरा चौकाजवळ आहे, रंकाळ्यावरून रिक्षानं दहा मिनिटं.